देवमनचं डोकं

सौंसर, १६ जानेवारी २०२५

चि. प्रज्ञाले मामाचा सप्रेम जयभीम.

फोनच केला असता, पण मले आता उजव्या कानानं काहीच आयकू येत नाही अन् डाव्यानं अर्धं. मी बोललेलं मात्र साऱ्या मोहल्ल्याले आयकू जाते, अन् ही गोष्ट मोहल्ल्याची नाही. शिवाय बत्तीस वर्षं लोकायची डाक वाटली, तं स्वतः पत्र टाकायले मी कायले लाजू.

बोरगावच्या सुरेशभाऊच्या संत्र्याच्या बगिच्यात पाइपलाइनसाठी जेसीबीनं नाली खोदून राहिले होते. त्यात माणसाची कवटी निघाली. खालचा जबडा नाही, बाकी साबूत. सुरेशभाऊनं पहिले ती साबणानं धुतली, मंग घाबरला, मंग पोलीस थान्यात फोन केला. थान्याचे मोठे अधिकारी, टीआय साहेब, आल्या आल्या धुतल्याबद्दल त्याच्यावर अर्धा तास गरम झाले.

आता गावानं ठरवून टाकलं का ते देवमन हाय. ही तुह्या जन्माच्या आधीची गोष्ट. लोधीखेड्याचा देवमन, माहा जिगरी दोस्त. आई-बाप नाही, भाऊ-बहीण नाही, एकटा जीव. मे १९९६ मधे त्याचं मोहगावच्या इंदूशी, म्हणजे तुले ज्यायनं शाळेत शिकवलं त्या इंदू मॅडमशी, लगन होतं. लग्नाच्या दिवशी सकाळी दाढी कराले म्हणून निघाला, तो परत आलाच नाही. मांडवात चारशे माणूस बसलेलं. शेवटचा तो माह्या सायकलच्या मागच्या सीटवर दिसला होता. तेव्हापासून लोक गमतीनं म्हणत, मोत्यानं देवमनले गाडलं. एकोणतीस वर्षं मीही त्यायच्यासंग हासलो. आता कवटी निघाली तं माह्याशिवाय कोणी हासून नाही राहिलं, अन् मी हासलो का लोक माह्याकडे पाहते.

ती कवटी तुमच्या भोपाळले तपासणीले आली म्हणे. तू हाडं मोजायच्या खात्यात हायेस. मोजून एक कागद लिहून दे का हे देवमनचं डोकं नोहे. जरा घाई हाय.

तुह्या मामीनं तिळाची चिक्की पाठवतो म्हटलं. मी म्हटलं, पहिले कवटीचं होऊ दे.

तुहा मामा
मोतीराम


भोपाळ, २४ जानेवारी २०२५

प्रिय मामा,

जयभीम. कवटी आली आहे, आणि पहिली गोष्ट ही की मी तिला हात लावणार नाही. तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी सरांना सांगितलं की या केसमध्ये माझे मामा आहेत आणि माझ्या मॅडमही आहेत. सरांनी ते काम अमिता ताईंकडे दिलं. त्या माझ्या सीनियर आहेत, आणि त्यांचा सौंसरशी एवढाच संबंध की त्यांना संत्री आवडतात. तेव्हा ‘कागद लिहून दे’ हे विसरा. असा कागद लिहिला तर माझी नोकरी जाईल आणि तुमच्यावरचा संशय दुप्पट होईल.

सर्वसाधारण माहिती मात्र सांगते. कवटी मोजतात म्हणजे काय करतात? भुवयांच्या मधल्या उंचवट्यापासून मागच्या टोकापर्यंत लांबी घेतात, दोन्ही बाजूंची रुंदी, नाकाच्या खाचेची उंची, डोळ्यांच्या खोबण्या, कानामागच्या हाडाचा फुगवटा. अशी वीस-पंचवीस मापं. मग ती आधी ओळख पटलेल्या शेकडो कवट्यांच्या मापांशी ताडून बघतात. त्यातून बाई की पुरुष याचा अंदाज येतो. वय मापांवरून नाही, दात आणि कवटीवरचे सांधे बघून सांगतात, तेही ढोबळ. ‘शक्यता इतकी टक्के’ असं लिहितात. कवटीवर नाव लिहिलेलं नसतं, मामा.

तुम्ही काही केलेलं नसेल तर घाबरायचं कारण नाही. चिक्की पाठवा. तिचा तपासाशी संबंध नाही.

तुमची
प्रज्ञा


सौंसर, ५ फेब्रुवारी २०२५

चि. प्रज्ञा,

तुह्या पत्राचा लय फायदा झाला. आता मले मोजता येते.

बोरगावच्या लेथवाल्याकडून एक मोठा कॅलिपर मांगून आणला. ते पाइपाची जाडी मोजते त्याच्यानं, पण डोक्यालेही बरोबर बसते. अक्षयच्या सलूनमधे बसलो. लोक तिथं डोकं घेऊनच येते, वेगळं बोलवा लागत नाही. तीन दिवसांत सत्तावीस डोके मोजले. अक्षयनं आता भिंतीवर कागद लावला, नाव, लांबी, रुंदी. पहिला नंबर पांढुर्ण्याच्या एका किराणावाल्याचा आला. तो लय खुश होऊन गेला, म्हणाला, हे तं मी लहानपणापासूनच सांगून राहिलो. दुसऱ्या दिवशी त्याचा भाऊ आला, म्हणे याच्या डोक्यावर तेल चोपडलं होतं, कॅलिपर घसरला, परत मोजा.

असली गोष्ट पुढंच हाय. पंचनाम्यातलं माप पेपरात छापून आलं होतं, लांबी १८४ मिलिमीटर, रुंदी १३३. घरी येऊन तुह्या मामीचं डोकं मोजलं. लांबी १८४, रुंदी १३३. मिलिमीटरले मिलिमीटर. मी तिले सांगितलं तं तिनं हातातला झारा खाली ठेवला अन् म्हणाली, मग जा थान्यात, सांग का शकुंतला बगिच्यात गाडलेली सापडली.

इंदू मॅडम मंगळवारी आल्या होत्या. मोहगावहून स्कूटीवर. रिटायर झाल्या तरी पाठ तशीच ताठ. मले वाटलं आता मले बोलते. पण त्या बसल्या, चहा घेतला, अन् म्हणाल्या, ‘मोतीरामभाऊ, म्हणजे तो गेला नव्हता. त्याला कोणीतरी मारलं होतं.’ अन् प्रज्ञा, त्या हे सांगताना खुश होत्या. इतक्या वर्षांत मी त्यायले तसं पाहिलं नव्हतं. मी उठून कप-बशा आत नेल्या.

त्या कवटीचं लवकर काही करा. ते देवमन नाही. हे मी तुले पक्कं सांगून राहिलो.

मामा


भोपाळ, १३ फेब्रुवारी २०२५

प्रिय मामा,

तो कॅलिपर लेथवाल्याला आजच परत द्या.

मामीच्या डोक्यावर कातडी आहे, केस आहेत आणि अंबाडाही आहे. जिवंत डोक्याचं माप कवटीच्या मापाशी असं जुळवत नाहीत, कातडीच्या जाडीचे काही मिलिमीटर धरावे लागतात. आणि जुळलं तरी त्याला काही अर्थ नाही. १८४ लांबीची डोकी सौंसर तालुक्यात काही हजार असतील. म्हणून एकट्या मापावरून कोणी ‘हा तोच’ असं म्हणत नाही. फार तर ‘हा तो नसावा’ म्हणता येतं.

आणि भिंतीवरचा तो कागद फाडा. हे मी हसत लिहीत नाहीये. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्रज साहेब लोक गावोगाव फिरून डोकी आणि नाकं मोजायचे आणि त्यावरून कोण वरचा, कोण खालचा हे ठरवायचे. आपल्या पणजोबांच्या वयाच्या लोकांनाही असंच रांगेत उभं केलं असेल. ते सगळं खोटं निघालं. मोठ्या डोक्यात जास्त अक्कल नसते, किराणावाल्याला सांगा. आमच्या खात्याचं काम एवढंच की हरवलेल्या माणसाला त्याच्या घरच्यांपर्यंत पोचवायचं.

अमिता ताईंना देवमन काकांचा समोरून काढलेला एखादा जुना फोटो हवा आहे. कवटीचा फोटो त्यावर ठेवून बघतात, डोळे, नाक, कपाळाच्या जागा बसतात का. टीआय साहेब विचारतीलच, तुम्ही शोधून ठेवा.

एक सांगा. तुम्ही दोन्ही पत्रांत लिहिलंत की ते देवमन काका नाहीत, आणि पक्कं लिहिलंत. हे तुम्हाला कसं माहीत?

प्रज्ञा


सौंसर, ४ मार्च २०२५

चि. प्रज्ञा,

कागद फाडला. अक्षय नाराज होऊन राहिला, त्याच्या दुकानात गर्दी वाढली होती.

फोटो एकच सापडला, इंदू मॅडमकडे. मेघनाथच्या जत्रेत स्टुडिओवाल्यानं काढलेला. त्यात देवमननं काळा गॉगल घातला हाय अन् मान वाकडी करून कागदाच्या मोटारसायकलवर बसला हाय. टीआय साहेबानं तो तुमच्याकडे पाठवला. अमिता बाईनं लिहून कळवलं म्हणे का गॉगलमुळे डोळ्याच्या खोबण्या दिसत नाही, अन् मान वाकडी असल्यानं काही बसत नाही, तरी नाही म्हणता येत नाही. कवटी पुरुषाची असावी, वय तीस ते पन्नास असावं. ‘असावी’ अन् ‘असावं’. पण गावानं ते दोन शब्द सोडून बाकीचं आयकलं.

टीआय साहेबानं मले दोनदा बोलावलं. विचारलं, सायकल कुठं नेली होती? मी म्हटलं, आठवत नाही. ते म्हणाले, चारशे माणसायचं लगन मोडलं अन् तुम्हाले आठवत नाही?

इंदू मॅडम चैत्राच्या पुनवेले विहारात देवमनसाठी अभिवादन सभा ठेवून राहिल्या. भन्ते येणार. पत्रिका छापाले टाकली. मले म्हणाल्या, मित्र म्हणून तुम्ही दोन शब्द बोला.

म्हणून तुले घाईनं लिहून राहिलो. देवमनच्या डोक्याचं असली माप मले मिळालं. लांबी २०२, रुंदी १६१. ते कातड्याचे मिलिमीटर पाहिजे तं काढून टाक, तरी त्या कवटीच्या कितीतरी पुढं जाते. म्हणजे हा तो नाही. तूच म्हटलं होतं का ‘नसावा’ एवढं सांगता येते. हे माप त्याच्या जुन्या टोपीवरून घेतलं. डोकं सारखं हलत होतं म्हणून दोन मिलिमीटरची चूकभूल धर.

हे अमिता बाईले दे, माहं नाव नको सांगू.

मामा


भोपाळ, ११ मार्च २०२५

मामा,

टोपी हलत होती का?

प्रज्ञा


सौंसर, १८ मार्च २०२५

चि. प्रज्ञा,

तुह्या पत्रात चारच शब्द होते, तरी मी ते चार वेळा वाचलं. मामी विचारे, एवढं काय लिहिलं हाय त्यात.

आता सांगतो. देवमन जित्ता हाय. इटारसीले राहते. रोडच्या कडेले बांबूवर हेल्मेट लटकवून विकते. मी २७ फेब्रुवारीले पांढुर्ण्याहून गाडीत बसून गेलो अन् त्याच्या दुकानापुढं स्टुलावर बसवून त्याचं डोकं मोजलं. गिऱ्हाइकाले वाटलं, हेल्मेटची साइज घेऊन राहिलो. त्याले गुदगुल्या होते, म्हणून हलत होता. लेथवाल्याले कॅलिपर त्याच्यानंतर परत दिला.

तो पळाला काहून, ते आयक. त्यानं इंदूच्या बापाले सांगितलं होतं का मी सरकारी पटवारी हावो. होता तो पटवाऱ्याचा झोला धरणारा. लग्नाच्या आदल्या दिवशी कळलं का वऱ्हाडात असली पटवारी येणार हाय, इंदूच्या मामाच्या ओळखीचा. देवमनले घाम सुटला. सकाळी मले म्हणाला, मोत्या, मले स्टेशनवर सोड, चार दिवसांनी येतो, सारं थंड झालं का खरं सांगतो. मी सोडलं. अंगाले हळद लागलेली, कपाळाले मुंडावळ्या. डब्यात लोकायले वाटलं नवरदेव लग्नाले चालला. इटारसीपर्यंत सारे त्याले मुबारकबाद देऊन राहिले होते, अन् एका बाईनं लाडू दिला. हे त्यानंच सांगितलं.

चार दिवसाचे आठ झाले, मंग महिना, मंग त्याची हिंमत गेली. अन् माहीही गेली. दरसाल त्याचं एक पोस्टकार्ड यायचं, ‘बरा आहे’, एवढंच. पोस्टमन मीच, म्हणून मीच ते माह्याच हातात द्यायचो. कोणाले कधी कळलं नाही. इंदूले सांगाले पाहिजे होतं. पहिल्या वर्षी सांगितलं असतं तं तिनं दोघायले चार शिव्या देऊन दुसरं लगन केलं असतं. ज्या माणसानं साऱ्या तालुक्याची डाक पोचवली त्यानं हे एक पत्र पोचवलं नाही. रोज डाक घेऊन मोहगावच्या बीटवर गेलो का ती शाळेच्या फाटकात दिसे, विचारे, माझं काही आहे का भाऊ? मी म्हणे, नाही मॅडम.

लगन त्यानंही केलं नाही. लग्नाच्या नावानं आजही त्याले घाम सुटते.

मले वाटलं, तुहं शास्त्र परस्पर सांगून देईल का कवटी त्याची नोहे, अन् मले तोंड उघडा नाही लागणार. आता काय करू, ते सांग.

मामा


भोपाळ, २४ मार्च २०२५

मामा,

तुमचं पत्र मी सरांना दाखवलं. दाखवावंच लागलं. ते वाचून झाल्यावर उठून खिडकीकडे गेले. मला वाटलं रागावले. त्यांचे खांदे हलत होते. नंतर चेहरा सरळ करून त्यांनी टीआय साहेबांना फोन केला. साहेब तुमची वाट बघत आहेत. आठ दिवसांच्या आत देवमन काकांना घेऊन थान्यात जा. जिवंत माणूस समोर उभा असताना मापांची गरज पडत नाही.

पण त्याच्या आधी मॅडमकडे जा. त्यांना हे थान्यात कळू देऊ नका. सभेची पत्रिका छापली गेली असेल, ती थांबवा.

मला तुमचा राग आला आहे. तो किती आहे हे मोजायला माझ्याकडे काही नाही.

प्रज्ञा


सौंसर, ९ एप्रिल २०२५

चि. प्रज्ञा,

मी तीन वेळा मोहगावले गेलो. तिन्ही वेळा चहा पिऊन परत आलो. एकदा तं त्यायनं सभेत मी काय बोलाचं ते लिहून दिलं. मंग सांगणं झालंच नाही.

आज देवमनले थान्यात नेलं. केसाले डाय लावून आला होता, नवा शर्ट, अन् इंदूसाठी भेट म्हणून एक गुलाबी हेल्मेट. टीआय साहेबानं त्याचा आधार कार्ड पाहिला. त्यावर नाव ‘दीपक कुमार’. तिकडे जाऊन त्यानं नाव बदललं होतं. साहेब म्हणाले, हा तं दीपक कुमार हाय, देवमन कुठं हाय? मी म्हटलं, हाच देवमन. ते म्हणाले, तुमच्या शब्दावर मी आता माहं घड्याळही लावत नाही. ज्या मॅडमचं लगन मोडलं त्यायले बोलवा.

इंदू मॅडम आल्या. त्यायले रस्त्यातच शिपायानं सारं सांगून टाकलं होतं. देवमन उभा राहिला, दोन्ही हातांत हेल्मेट. म्हणाला, ‘इंदू, मी देवमन.’ त्यायनं त्याच्याकडे पाहिलं. वरून खालपर्यंत, कापडाच्या दुकानात तागा पाहते तसं. मंग साहेबायले म्हणाल्या, ‘नाही. हा तो नव्हे.’ हेल्मेट घेतलं अन् निघून गेल्या.

आता देवमन थान्यात बसला, मी बाहेर बाकावर. साहेब विचारून राहिले का तुमच्याकडच्या लोकायले याचं डोकं मोजून याचं नाव सांगता येते का. तू लिहिलं होतं का कवटीवर नाव नसते, पण याच्या डोक्यावर कातडं तरी हाय. काही होत असन तं कळव. मामी माह्याशी बोलून नाही राहिली. जेवण देते, पण ताट ठेवताना आवाज करते.

मामा

ता. क. – पत्र टाकाच्या आधी लिहितो. सुटला. कसा ते मले नीट समजलं नाही, मॅडम तुले लिहिणार हाय म्हणाल्या.


मोहगाव, २ मे २०२५

प्रिय प्रज्ञा,

सप्रेम जयभीम. तुझ्या मामांनी तुला अर्धंच सांगितलं असेल, त्यांची तशी सवय आहे. म्हणून मी लिहिते.

मी त्याला ओळखलं होतं. दारातूनच. उभं राहताना एका पायावर भार टाकायची त्याची पद्धत तशीच आहे. पण तो म्हणाला ‘मी देवमन’, इतकं सहज, जणू काल बाजारात भेटलो होतो, आणि माझ्या तोंडून ‘नाही’ निघून गेलं. मग वाटलं, असू दे. मी घरी गेले. वरण-भात लावला, जेवले, कुंड्यांना पाणी घातलं. तो तिकडे थान्यात तीन तास लोकांना सांगत बसला की मी मीच आहे, आणि कोणी मानत नव्हतं. तीन तासांनी परत गेले आणि बयानावर सही केली. खोटं बयान ठेवणं बरं नाही, मी शिक्षिका होते. टीआय साहेब पहिल्या उत्तराबद्दल रागावले. मी सांगितलं, चष्मा विसरले होते. चष्मा माझ्या नाकावर होता. त्यांनी फाइल बंद केली.

बाहेर देवमन माझ्यापाशी येऊन म्हणाला, तू म्हणशील तर अजूनही. मी त्याला विचारलं, इटारसीची गाडी किती वाजता आहे? त्यानं वेळ सांगितली. मी म्हटलं, मग निघ, चुकेल. मोतीरामभाऊ त्याला सोडायला निघाले तर मी त्यांना थांबवलं. म्हटलं, या वेळेस त्याला एकटं जाऊ द्या. त्यांनी मान खाली घातली. अजून खालीच आहे. आज ना उद्या मी बोलेन त्यांच्याशी, पण आज नाही.

हेल्मेट ठेवून घेतलं. चांगलं आहे, आयएसआय मार्काचं, बरोबर बसतं.

आता खरं काम. तुमच्या अमिता ताईंचा शेवटचा अहवाल आला. हाड फार जुनं आहे, शंभर वर्षांच्याही पलीकडचं असावं, पोलिसांच्या कामाचं नाही. तेव्हा त्या कवटीचं पुढे काय, असं मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, बेवारस, नियमाप्रमाणे दफन करू. मी म्हटलं, मला द्या.

प्रज्ञा, तुला कदाचित हसू येईल. एकोणतीस वर्षं मी या गावात नवरदेवानं टाकलेली बाई होते. मुलं फळ्यावर लिहायची, मी पुसून शिकवायची. जानेवारीत तो माणूस मातीतून वर आला आणि तीन महिने मी टाकलेली नव्हते. बायका माझ्याजवळ येऊन बसायच्या. पानवाला उठून उभा राहायचा. त्या बिचाऱ्याचा माझ्या मांडवाशी काही संबंध नव्हता, मी त्याची कोणी नाही, तरी तीन महिने त्यानं माझी इज्जत राखली. ज्याला राखायची होती तो हेल्मेट विकत होता.

साहेबांनी वरून परवानगी आणली. काल सुरेशभाऊंच्या बगिच्यात, जिथे निघाला होता त्याच धुऱ्यावर, बांधाच्या मातीत, त्याला परत ठेवला. सभेची पत्रिका छापून झालीच होती, भन्तेंना बोलावलंच होतं, मग फक्त नावावर कागद चिकटवला. माणसं बरीच आली. मोतीरामभाऊंना दोन शब्द बोलायचे होते, त्यांनी एकच वाक्य म्हटलं, ‘आम्हाले माफ करा, आम्ही तुम्हाले दुसराच समजलो.’ तुझ्या शकुंतला मामी तिथं इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून हसल्या.

थान्यात ताबा घेताना एक फॉर्म भरावा लागला. त्यात एक रकाना होता, मृताशी नातं. साहेब म्हणाले, रिकामा सोडा. मी सोडला नाही. ‘ओळखीची’ असं लिहिलं.

तुझी
इंदू मॅडम